डाव्या हाताचं जहाज

१६ जानेवारी १९७७, रविवार. कोयनानगर
हे आले. कराडहून सकाळच्या एसटीनं. मी स्टँडवर गेले होते तरी आधी ओळखलंच नाही. वाळलेत, दाढी वाढलीय. दर वेळी बोटीवरून येतात तेव्हा निम्मी गाडी ह्यांच्याशी बोलत उतरते. आज ट्रंक स्वतःच खांद्यावर घेतली आणि चालायला लागले.
पत्रात एवढंच होतं की दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, मी सुखरूप आहे, चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. वाटेत विचारलं, वादळ होतं का? नाही. धुकं? नाही. रात्र होती? "दुपारचे तीन. लख्ख ऊन." घरी येऊन झोपले ते दिवेलागणीपर्यंत.
एवढा समुद्र. लख्ख ऊन. दोन जहाजं एकमेकांना सापडतातच कशी?

१९ जाने.
आठवीला काटकोन त्रिकोण. फळ्यावर दोन बाजू काढल्या आणि जिथं त्या भेटतात तिथं खडू टेकवून उभीच राहिले. पोरी वाट बघतायत.
शिक्षकखोलीत सगळ्यांचं एकच, साहेब आले का, यंदा काय आणलं? सुट्टीवर आलेत म्हटलं. खोटं नाही, खरंही नाही.
हे जेवतात, पेपर वाचतात, कॉलनीतून एक फेरी मारतात. धरणाकडच्या रस्त्याला जात नाहीत.

२३ जाने.
ह्यांच्या काळ्या बॅगेत एक जाड इंग्रजी पुस्तक आहे. जहाजांनी एकमेकांना चुकवायचे नियम. पुढच्या परीक्षेसाठी वाचत होते, सेकंड मेटचे फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचे पहिले अधिकारी, व्हायला. बघू का विचारलं. "बघ. झोप येईल."
आली नाही. इंग्रजी कोर्टातल्यासारखं, पानागणिक तीनदा डिक्शनरी. पण आत काय काय आहे! डोळ्यांनी आणि कानांनीही पहारा ठेवायचा असं लिहिलंय. कानांनी कशाला? म्हणाले, धुक्यात दुसरं काय असतं, भोंगाच. दर दोन मिनिटांना वाजवायचा. आल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य.
दिव्यांचंही छान आहे. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. म्हटलं, म्हणजे अंधारात नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू माझ्याकडे, तो माझ्या उजवीकडून डावीकडे चाललाय. ह्यांनी पेपर खाली घेतला. "बरोबर." मी वर्गात पोरींना म्हणते तसं.

२७ जाने.
आज मुख्य नियम कळला. दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज दिसतं, त्यानं वाट द्यायची. दुसऱ्यानं काय करायचं? काहीच नाही. दिशा सोडायची नाही, वेग बदलायचा नाही. तेही बंधनच आहे, सवलत नाही. कारण वाट देणाऱ्याला समोरच्याचा भरवसा हवा.
मला हे इतकं आवडलं की जेवताना विचारून बसले, तुम्हाला ते जहाज कुठल्या हाताला होतं?
"डाव्या."
"म्हणजे वाट त्यानं द्यायची होती. तुमची चूक नाहीच मग."
मला खरंच आनंद झाला होता. हे पानावरून उठले. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. भाकरी अर्धी तशीच.
नियमात जे लिहिलंय तेच बोलले. मग लागलं काय?

१ फेब्रु.
पुस्तकात आहे की समोरून येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बघत राहायची. दिशा बदलत असेल तर बहुधा चिंता नाही. बदलत नसेल तर टक्कर होणार असं धरून चालायचं. वाचून पटेना. जे हलत नाही ते अंगावर कसं येईल?
म्हणून मैदानावर करून बघितलं. आठवीच्या दोन पोरी. एक ध्वजाच्या खांबापासून निघाली, एक विहिरीपासून, तिरप्या. सांगितलं, सरळ चालायचं, वेग बदलायचा नाही, आणि एक हात सतत दुसरीकडे रोखून धरायचा. पहिल्यांदा हात हळूहळू मागे गेला. एक दुसरीच्या मागून निघून गेली. मग विहिरीकडचीला जरा भरभर चालायला लावलं. या वेळी दोघींचे हात जागचे हललेच नाहीत. आणि दोघी धाडकन एकमेकींवर. सगळा वर्ग हसून लोटपोट.
मु. अ. व्हरांड्यातून बघत होते. हे कुठल्या धड्यात आहे, बाई? भूमितीत, म्हटलं.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. थोडं हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, पोरींना लागलं नाही ना?

६ फेब्रु., रविवार
मामंजी आले. दहिवडीहून पहाटेच निघाले होते. घोंगडं, काठी, मेथीची जुडी, आणि लेकाला, बिरूला, आवडतं म्हणून आत्याबाईंनी दिलेलं वाटणाचं तिखट. आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता दोन एकर जिराईत बघतात. समुद्र कोकणात मेंढरं घेऊन उतरायचे तेव्हा लांबून पाहिलेला. "लय पानी, पर मेंढराला एक घोट न्हाई," असं सांगतात. माण तालुक्यातल्या कोरड्या गावातलं पोरगं जहाजावर गेलं ह्याचं गावात किती कौतुक होतं. आता गावात उठलंय, बिरूनं बोट बुडवली. बोट बुडाली नाही. पण गावाला कोण सांगणार.
चहा झाला. मामंजी मुद्द्यावर आले. ते असेच, वळणं घेत नाहीत.
"बिरू, मला ते नियम-बियम कळत न्हाईत. तुझी चूक हाय का न्हाई, तेवढं सांग. मी गावात तसं बोलीन."
ह्यांनी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मी ओट्यापाशी. म्हटलं आता सांगतील, डाव्या हाताला होतं.
"मला ठावं न्हाई, आबा."
मामंजींनी मान हलवली. रागावले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना मला म्हणाले, "त्याला लय इचारू नगंस. पर सोडूबी नगंस." हे कसं जमवायचं ते सांगितलं नाही.

१३ फेब्रु., रविवार
आजचं नीट लिहायचंय.
नववीतल्या सुलूच्या गावची जत्रा. गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. तिच्या आईनं कधीचं बोलावलंय. हे येणार नाहीत वाटलं होतं, आले. लाँच माणसांनी, पोत्यांनी, दोन बकऱ्यांनी भरलेली. चालवणारा कोंडिबा, इथला जुना माणूस, विडी ओढत मागं तोंड करून गप्पा मारत होता. हे पुढच्या फळीवर.
डाव्या अंगाच्या पाण्याच्या एका फाट्यातून दुसरी लाँच निघाली, आमच्याच पुढ्यात जायला. छत पेलणाऱ्या लोखंडी खांबाच्या कडेला ती मला दिसत होती. थोड्या वेळानं पाहिलं तर त्याच कडेला. पुन्हा पाहिलं, तिथंच. नुसती मोठी झालेली. मैदानावरच्या पोरींचे हात आठवले.
ह्यांनी विचारलं, "बघताय ना?"
कोंडिबा म्हणाला, "बघतोय की. त्यो वळंल."
हे उठले आणि सरळ चाकाला हात घातला. लाँच उजवीकडे इतकी कलली की एका बाईची टोपली पाण्यात गेली, बकऱ्या आमच्या अंगावर. बायका ओरडल्या. दुसरी लाँचही वळली, आमच्यानंतर क्षणभरानं. मध्ये भरपूर अंतर राहून निघून गेली. तिचा चालक हात हलवून हसत होता.
कोंडिबानं ह्यांचा हात बाजूला केला. आवाज चढवला नाही. "साहेब, चाकाला हात लावायचा न्हाई. रोजचं हाय आमचं. त्यो वळतोच." लोक बघत होते. ह्यांनी माफी मागितली. टोपलीवाल्या बाईचीही मागितली.
जत्रेत नारळ ठेवला, सुलूच्या घरी जेवलो. नंतर देवळामागच्या आंब्याखाली बसलो, आणि ह्यांनी आपणहून सांगितलं. मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच.
ते जहाज डाव्या खिडकीत दिसलं तेव्हा बरंच लांब होतं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, हे आणि सुकाण धरणारा सुकाणी, दोघंच. होकायंत्रावर दिशा घेतली, थोड्या वेळानं परत घेतली. तीच. नियम सांगतो की वाट त्यानं द्यायची. हे थांबले. ते जहाज खिडकीच्या त्याच काचेत राहिलं. दुर्बिणीतून त्याचा ब्रिज दिसायला लागला. तिथं कोणी दिसेना. पाच आखूड शिट्ट्या दिल्या, 'तुझं चाललंय काय' असा त्याचा अर्थ. काही नाही. कॅप्टनला फोन केला. ते शर्ट घालून वर येईपर्यंत सगळं झालं. शेवटी सुकाण पूर्ण उजवीकडे टाकलं. पण जहाज मोटारीसारखं वळत नाही. तोंड उजवीकडे जातं तेव्हा शेपूट डावीकडे फेकलं जातं. ते शेपूटच त्याच्या नाकासमोर गेलं. मागच्या डेकवर डाव्या कठड्याला रंग देत युसुफ नावाचा खलाशी होता. त्याचा पाय गेला.
मी म्हटलं, पण नियम...
तेव्हा म्हणाले, "नियम माझ्या बाजूनं होता, म्हणून मी बघत राहिलो."
परत येताना लाँचमध्ये मागं बसले, पाण्याकडे पाठ करून.

१४ फेब्रु.
सकाळी शाळेत भूकंपाचा हलका धक्का. खिडकीच्या काचा किणकिणल्या. पोरी सवयीनं बाकाखाली. काही नाही झालं.
पुस्तक परत काढलं. जुना नियम असा की ज्याला दिशा सोडायची नाही त्यानं ती सोडायची नाहीच, दोन्ही जहाजं इतकी जवळ येईपर्यंत की आता एकट्या समोरच्याच्या वळण्यानं टक्कर टळणार नाही. तेव्हा मात्र वळायचंच. म्हणजे आधी वळलात तर नियम मोडलात, उशिरा वळलात तर धडकलात. मधली ती जागा केवढी? हातभर? मैलभर? पुस्तकात नाही. दर जहाजाची वेगळी, म्हणाले.
मागच्या पानांवर नवे नियम, येत्या जुलैपासूनचे. त्यात एक कलम जास्तीचं. समोरचा आपलं काम करत नाही हे दिसल्याबरोबर, जवळ येण्याची वाट न बघता, ह्यानं वळलं तरी चालेल. तिथं पेन्सिलीची रेघ. ह्यांचीच.
विचारलं, हे टकरीनंतर वाचलंत?
"नाही. आधी. त्या दिवशी ब्रिजवर आठवलंसुद्धा. पण अजून लागू नव्हतं."


१८ मार्च
वहीला महिनाभर हात नाही. निवडणुकीची ड्यूटी, मग पेपर तपासणी.
हे हल्ली धरणाच्या रस्त्यानं जातात. कोंडिबाशी बोलतात म्हणे. काय बोलतात ते दोघांपैकी कोणी सांगत नाही.

९ एप्रिल
हे कंपनीच्या वकिलांना भेटून मुंबईहून आले. चौकशी मेच्या पहिल्या आठवड्यात. वकील म्हणाले, केस सोपी आहे. वाट समोरच्यानं द्यायची होती. पहारा होता, शिट्ट्या दिल्या, शेवटी वळलात. एकच सांभाळा. 'समोरचा वळणार नाही हे केव्हा लक्षात आलं?' असं विचारतील. उत्तर द्यायचं, अगदी शेवटी. ह्यांच्या पहिल्या जबाबात तसंच आहे. टक्कर झाली त्या संध्याकाळी लिहिलेला.
"आणि खरं?"
खरं हे की फार आधी लक्षात आलं होतं. सुकाण्याला म्हणालेही होते, हा वळत नाही. त्यानंतर बघत उभे राहिले.
मी म्हटलं, पण त्यानं नियम कुठे मोडतो? नियमात तुमच्या मनातल्या खात्रीचं काही नाही, अंतराचं आहे. तुम्ही त्या अंतराच्या आधी वळला नाहीत एवढंच.
"तेच तर. ते अंतर कधी संपलं? मला वाटलं संपायचंय. कदाचित संपून गेलं होतं. खरं सांगितलं तर तेच विचारतील, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही." जहाज चालवायचं सर्टिफिकेट वर्षादोन वर्षांसाठी जाऊ शकतं. कायमचंही.
गणितात उत्तर नसलेलं उदाहरण मी पोरींना घालत नाही. आज पहिल्यांदा वाटलं, घालायला हवं.

१७ एप्रिल, रविवार
कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दुसऱ्या एसटीनं युसुफभाईंच्या गावी. मला कोकणची हवा सोसत नाही, डोकं चढलं. पण मी आले नसते तर हे पहिल्याच वळणावर उतरून परत फिरले असते.
खाडीकाठी घर. युसुफभाई ओटीवर जाळं विणत बसलेले. वय पन्नाशीचं, पांढरी दाढी, डावा पाय मांडीपासून नाही. ह्यांना बघून कुबडीकडे हात नेला, उठायला. हे धावलेच, खांदा दाबून बसवलं. दोघंही बराच वेळ तसेच, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.
त्यांच्या बायकोनं घावनं केली. मला आत बसवून साडीचा पदर हातात घेऊन बघितला, सांगलीची का विचारलं. माहेर तिकडचं, म्हटलं. बोलणं बाहेरचं ऐकू येत होतं. आधी जहाजावरच्या माणसांची चौकशी, कोण कुठे गेलं. मग हे म्हणाले, युसुफ, मला तुला एक विचारायचंय, शिट्ट्या दिल्या त्या तुला ऐकू आल्या का?
"आल्या की. पाच. मी मान वर करून बघितलं. मग म्हटलं, सेकंडसाब वर हायत, ते बघतील. रंगाचा हात अर्धा राहिला होता."
राग नव्हता, टोमणाही नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. पुढच्याच वाक्यात जाळ्याच्या दोऱ्याविषयी बोलायला लागले.
परतीच्या गाडीत ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं. घाट चढून वर आलो, गार वारा लागला तेव्हा म्हणाले, "पोळी खाल्ली नाहीस तू." घावन, म्हटलं, आणि खाल्लं. चार खाल्ली.

३० एप्रिल
शाळेचा निकाल. उद्यापासून सुट्टी.
हे परवा निघणार. ट्रंक नको म्हणाले, पिशवी पुरे. पांढरा शर्ट इस्त्री केला. अचानक विचारलं, काय सांगू तिथं?
एवढे दिवस मी पुस्तक उलटंपालटं केलं, मैदानावर पोरी आदळल्या, आणि आता विचारतात तर तोंड उघडेना. म्हणायचं होतं, वकील सांगतात तसं सांगा, घरी या, परीक्षा द्या. तोंडात आलं होतं.
म्हटलं, "मला नका विचारू. मी तुमच्या उजव्या हाताला नाही की डाव्या हाताला नाही."
हसले. मलाच ते वाक्य फार शहाणं वाटलं आणि लगेच नकोसं झालं. मग खरं सांगितलं. मला भीती वाटते. तुम्ही खोटं सांगितलंत तर घरी येऊन असेच गप्प बसाल. खरं सांगितलंत तर समुद्र जाईल आणि तरीही गप्प बसाल. मला दोन्ही नको.
शर्टाची घडी मोडून परत घातली, नीटच होती तरी.

११ मे
सकाळपासून तीनदा स्टँडवर. आले नाहीत.

१२ मे
दुपारच्या गाडीनं आले, आणि मुंबईहून नाही, दहिवडीहून. आधी आबांकडे उतरले होते.
खरं सांगितलं. तिथं एक निवृत्त कॅप्टन बसले होते, जाणकार म्हणून. त्यांनी विचारलं, केव्हा लक्षात आलं? ह्यांनी सांगितलं, फार आधी, सुकाण्याला तसं बोललोही होतो. वकिलांनी पेन खाली ठेवलं. कॅप्टन म्हणाले, लक्षात आल्यावर मनात काय होतं? ह्यांनी सांगितलं, मी बरोबर आहे हे होतं.
त्यांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दुसऱ्या जहाजाच्या माणसालाही बोलावलं होतं. तो तिथल्या ब्रिजवर होता, पण मागच्या खोलीत नकाशावर काहीतरी करत होता म्हणाला. पोरगेलासा, ह्यांच्याहून लहान. बाहेर व्हरांड्यात ह्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. एकमेकांची भाषा कोणालाच येईना. हात मिळवून गेला.
निकाल नंतर कळवणार.
दहिवडीत मामंजींना काय सांगितलंत?
"सांगितलं, वळायला पायजे होतं, आबा. नियम नव्हता, तरी."
"मग?"
"म्हणाले, हां, आता मला गावात बोलता येईल. आणि कोंबडं कापलं."
आज हे भरपूर जेवले. गप्पही होते. पण ते गप्प बसणं वेगळं. कसं ते लिहिता येत नाही.

२६ जून
पाऊस धो धो. घाटात दरड, दोन दिवस टपाल नाही. मुंबईचं काही नाही.
हे घरातलं सगळं दुरुस्त करून मोकळे झाले. शेजारच्या दोन घरांतलंही. मला विचारतात, मैदानावरचा तो खेळ परत कधी करणार, मला बघायचाय.
रात्रीचे दिवे पोरींना शिकवावेत का? अभ्यासक्रमात नाही. शास्त्राच्या तासाला प्रकाशाच्या धड्यात घुसवता येईल.

१० जुलै, रविवार
कोंडिबा घरी आला. पहिल्यांदाच. डोक्यावर इरलं, ओटीवर पाणी गळतंय. आत यायला तयार नाही. जोराच्या पावसात लाँच बंद असतात, त्यामुळे रिकामा. मला वाटलं, जत्रेच्या दिवसाचं काही राहिलंय.
म्हणाला, "साहेब, तवा बोललो ते बोललो. पर मागल्या म्हैन्यात त्यो वळला न्हाई." दोन लाँच घासल्या, कुणाला लागलं नाही, एक कठडा मोडला. मग चारी चालकांचं बोलणं झालं, आणि ह्यांचं शास्त्र मराठीत लिहून फळीवर लावायचं ठरलं, लाँच लागते त्या धक्क्यावर. वरच्या साहेबांनाही विचारून आलाय.
हे म्हणाले, मला मराठी लिहिता येत नाही असं. हिला येतं.
कोंडिबानं माझ्याकडे बघितलं. "बाई, जरा सोपं लिवा. मोठ्या अक्षरात."

१५ जुलै, शुक्रवार
आजपासून नवे नियम लागू, सगळ्या जगातल्या समुद्रांवर. कोयनेच्या पाण्यावर कोणाची सक्ती नाही. फळी आम्हीच लावतोय.
मुंबईहून अजून काही नाही. पोस्टमनला विचारणं दोघांनीही सोडलंय.
शाळेतून आल्यावर बसलो. पहिली वाक्यं भराभर झाली. चालवणाऱ्यानं तोंड पुढे ठेवावं, डोळे आणि कान उघडे. (विडीचं लिहू का विचारलं. नको म्हणाले.) समोरून लाँच दिसली तर दोघांनी आपापल्या उजव्या हाताला वळावं. आडवी येणारी लाँच छताच्या एकाच खांबापाशी दिसत राहिली तर ती धडकणार असं समजावं. हे माझं वाक्य, ह्यांनी एक शब्द बदलला नाही. ज्याच्या उजव्या हाताला दुसरी लाँच, त्यानं वाट द्यावी. वळायचं तर लांबूनच आणि चांगलं मोठं, समोरच्याला दिसेल असं.
मग ते कलम आलं. दुसऱ्यानं दिशा सोडू नये, पण वाट देणारा वाट देत नाही असं दिसलं तर...
मी लिहिलं, त्यानं वळावं.
"वळावं नाही. तशी आज्ञा नाही त्यात. ती पुढे, अगदी जवळ आल्यावर."
वळू शकतो?
"शकतो म्हणजे अंगात बळ आहे. ते तर माझ्यातही होतं."
वळायला हरकत नाही? ह्यावर दोघंही हसलो. शेजारणीला साखर मागितल्यासारखं वाटतंय. मग मी सुचवलं, वळण्याची मुभा आहे.
मुभा हा शब्द ह्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितला. म्हणाले, मुभा असली की वळला तर दोष नाही. आणि नाही वळला तर?
मी म्हटलं, तर तो विचार त्याचा.
"कोंडिबाला कळेल?"
"तुम्हाला कळतंय का?"
हे उठले. बाहेर जाऊन पावसाकडे बघत उभे राहिले, मग आत आले, दिवा लावला, परत कागदासमोर बसले. सोमवारी फळी रंगवायला द्यायचीय. कागदावर चार शब्द एकाखाली एक आहेत, वळावं, वळू शकतो, हरकत नाही, मुभा आहे. अजून एकही खोडलेला नाही.